डासांना दूर ठेवणारी रोपे: खरी कोणती आणि ती कशी वाढवावीत?

प्रश्न

नमस्कार.

आमच्या घरात डासांचा उपद्रव गेल्या दोन वर्षांत बराच वाढला आहे. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला डास चावला की त्या जागी मोठी लालसर गांध उठते आणि ती तीन-चार दिवस बसत नाही. सासूबाईंना दमा असल्यामुळे धूर करणारी कोणतीही वस्तू घरात लावता येत नाही, आणि विजेवर तापणाऱ्या द्रवाच्या वासानेही त्यांना खोकल्याची उबळ येते. म्हणून वनस्पतींचा आधार घेऊन पाहावा असे मी ठरवले.

दीड महिन्यापूर्वी एका रोपवाटिकेतून ‘डास पळवणारे झाड’ अशी पाटी लावलेली तीन रोपे आणली. त्यांची पाने कातरलेल्या कडांची आणि किंचित खरखरीत आहेत, आणि ती चोळली की लिंबू व गुलाब एकत्र केल्यासारखा वास येतो. त्यांच्या जोडीला गवती चहाच्या चार, तुळशीच्या दोन आणि झेंडूच्या दोन अशा एकूण अकरा कुंड्या आता गॅलरीत आहेत. रोपे छान वाढली आहेत, पण डास मात्र कमी झालेले नाहीत. उलट संध्याकाळी गॅलरीत बसले की ते पूर्वीपेक्षा जास्त चावतात असे मला वाटते, आणि हे कसे शक्य आहे ते कळत नाही.

डासांना खरोखर दूर ठेवते अशी कोणती वनस्पती आहे का, आणि असल्यास ती नेमकी ओळखायची कशी? आमच्या गॅलरीत दिवसाला जेमतेम चार तास ऊन येते. तेवढ्या उन्हात ती वाढेल का? लहान मुलाच्या आणि दम्याच्या रुग्णाच्या दृष्टीने काय टाळावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

पहिला प्रतिसाद

आपण केलेल्या वर्णनावरून ती तीन रोपे सुवासिक जिरेनियमची, म्हणजे पेलार्गोनियम या प्रजातीची असावीत. हे रोप अनेक ठिकाणी ‘सिट्रोनेला जिरेनियम’ किंवा ‘मॉस्किटो प्लांट’ या नावांनी विकले जाते आणि त्यामुळे ग्राहकाचा गैरसमज होतो. डासांना दूर ठेवण्यासाठी वापरले जाणारे सिट्रोनेला तेल ज्यापासून काढतात ती वनस्पती गवताच्या कुळातली आहे, आणि जिरेनियमचे कूळ त्याहून अगदी वेगळे आहे. दोघांच्या वासात थोडे साम्य असले, तरी तेलाची घडण वेगळी असते. या रोपाची उघड्यावर रीतसर चाचणी झालेली असून तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. रोप शेजारी ठेवून बसलेला माणूस आणि काहीही न ठेवता बसलेला माणूस यांच्यात डासांनी फरक केल्याचे दिसले नाही, आणि डास त्या रोपाच्या पानांवरही येऊन बसत होते. म्हणजे आपल्या रोपांची निगा कमी पडली असे मुळीच नाही. पाटीवर दिलेले आश्वासनच चुकीचे होते.

याचे कारण समजून घेतले तर पुढची निवड सोपी होईल. माणसाला चावते ती डासाची मादी, कारण अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. आपण श्वासावाटे सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिला दहा मीटरहून अधिक अंतरावरून जाणवतो. त्या दिशेने जवळ आल्यावर घामातील लॅक्टिक आम्ल, अमोनिया, त्वचेवरील इतर गंध आणि शरीराची ऊब यांच्या आधाराने ती नेमकी जागा शोधते. एखाद्या वासाने तिला अडवायचे असेल, तर तो वास आपल्या शरीराभोवतीच्या हवेत पुरेशा प्रमाणात आणि सतत असायला हवा. आता रोपाकडे पाहू. तुळस, पुदिना, रोझमेरी यांच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि सुगंधी तेल त्यांच्यात बंद असते. गवती चहा आणि सिट्रोनेला यांचे तेल तर पानाच्या आतल्या पेशींमध्ये असते. पान चुरगळले, तापवले किंवा कापले की हे तेल मोकळे होते. कुंडीत शांत उभ्या असलेल्या रोपातून मोकळ्या हवेत जे निसटते ते इतके थोडे असते की वाऱ्याची एक झुळूक आली तरी ते विरून जाते.

संध्याकाळी डास वाढल्याचा आपला अनुभव मात्र मी गंभीरपणे घेईन. डास दिवसभर सावलीच्या, दमट आणि वारा न लागणाऱ्या जागी बसून राहतात, आणि दाटीने ठेवलेल्या कुंड्यांच्या पानांखाली अशी जागा आयती मिळते. नर आणि मादी दोघेही फुलांतील मधुरसावर जगतात, त्यामुळे फुलझाडांकडे ते तसेही येतातच. पण या दोन्हींपेक्षा महत्त्वाचे कारण पाण्याचे आहे. कुंड्यांखालच्या ताटल्या एकदा बारकाईने पाहा. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारे एडिस डास घाण पाण्यापेक्षा अशाच लहान भांड्यांतले स्थिर, स्वच्छ पाणी पसंत करतात, आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. ताटली नुसती पालथी करून भागत नाही, हेही लक्षात ठेवावे. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून आठवड्यातून एकदा ताटलीची कड खरखरीत घासणीने घासून काढणे आवश्यक आहे.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र ‘जिवंत रोपाचा काहीच उपयोग नाही’ असा त्याचा सरसकट अर्थ घेतला जाऊ नये, असे मला वाटते. केनियात २००२ च्या सुमारास प्रायोगिक झोपड्यांमध्ये काही चाचण्या झाल्या होत्या. तुळशीच्या प्रजातीतील एक रानजात, घाणेरी आणि लिपिया या तीन वनस्पतींच्या कुंड्या तेथे ठेवून, झोपलेल्या माणसापर्यंत मलेरिया पसरवणारे ॲनाफिलीस डास किती पोहोचतात ते मोजले गेले. तिन्ही रोपांनी डासांचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४० टक्क्यांनी घटवले. हे प्रमाण थोडे नाही, पण पुरेसेही नाही, कारण उरलेले ६० ते ७० टक्के डास चावायला येतच होते.

हा निष्कर्ष आणि जिरेनियमचा निष्कर्ष परस्परविरोधी वाटू शकतात, पण दोन्ही चाचण्यांतली परिस्थिती निराळी आहे. झोपडीत हवा बंदिस्त असते आणि डासांना आत शिरण्याच्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या वाटेवर ठेवलेल्या रोपाचा गंध काही प्रमाणात साचून राहतो. उघड्या गॅलरीत तसे होत नाही. शिवाय डासांच्या जातीही वेगळ्या होत्या. म्हणून माझे मत असे आहे की कुंड्या गॅलरीच्या कठड्यावर मांडण्याऐवजी त्यांतल्या दोन-तीन निवडक, तीव्र वासाच्या कुंड्या खिडकीच्या किंवा दाराच्या अगदी लगत ठेवाव्यात. तेथे जाता-येता हात लागून पाने हलतात, चोळली जातात आणि तेल मोकळे होते.

घाणेरीचे नाव वर आले म्हणून एक इशारा देणे मला माझे कर्तव्य वाटते. ही वनस्पती लावू नये. ती मूळची अमेरिका खंडातली असून जगाच्या उष्ण भागांत ज्या आक्रमक वनस्पतींनी जंगले आणि कुरणे गिळून टाकली, त्यांत तिचा क्रमांक फार वरचा आहे. तिची पाने गुराढोरांना विषारी असतात आणि पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर नेतात, त्यामुळे ती कुंडीत लावली तरी कुंडीपुरती राहत नाही.

तिसरा प्रतिसाद

मी बरीच वर्षे सुगंधी वनस्पती वाढवत आहे, त्यामुळे ओळख आणि लागवड या बाजूने सविस्तर लिहितो.

प्रथम सिट्रोनेला. याच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत. सिम्बोपोगॉन नार्डस हा सिलोन प्रकार आणि सिम्बोपोगॉन विंटेरियानस हा जावा प्रकार. सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल ही जी द्रव्ये डासांना नकोशी असतात, ती जावा प्रकारात अधिक असतात, म्हणून मिळाल्यास तोच घ्यावा. आपल्याकडे असलेला गवती चहा म्हणजे सिम्बोपोगॉन सायट्रेटस. तो याच प्रजातीतला असला तरी त्याच्या तेलात मुख्य घटक सिट्राल असतो. सिट्रालही डासांना फारसे आवडत नाही, त्यामुळे आपल्या चार कुंड्या वाया गेल्या असे समजू नका.

दोन्ही गवतांत फरक करायचा तर बुडख्याकडे पाहावे. गवती चहाचा बुडखा फिकट हिरवा ते पांढरट असतो, तर सिट्रोनेलाचा साधारणपणे तांबूस किंवा जांभळट असतो. सिट्रोनेलाची पाने अधिक लांब असून वरच्या अर्ध्या भागात वाकून खाली लोंबतात. मात्र रंगावर सर्वस्वी विसंबू नये, कारण गवती चहाच्या काही जातींतही तांबूस छटा असते. खरी परीक्षा नाकाची असते. पान मधोमध मोडून चोळावे. गवती चहाला लिंबाच्या सालीचा स्वच्छ, गोडसर वास येतो, तर सिट्रोनेलाचा वास उग्र असतो, नाकात चढतो आणि साबणाची आठवण करून देतो. रोपवाटिकेत पान चोळून बघू देत नसतील तर तेथून रोप घेऊ नये. शक्य असल्यास सुगंधी गवतांची शेती करणाऱ्यांकडून मुळासकट दोन-तीन फुटवे मागून घ्यावेत. हे गवत ठोंबाची विभागणी करूनच वाढवतात, त्यामुळे मिळालेले रोप मूळ झाडाच्या गुणाचेच निघते.

फुटवे लावताना वरची पाने वीतभर ठेवून कापून टाकावीत, म्हणजे मुळे धरेपर्यंत रोपाचे पाणी उडून जात नाही. कुंडी किमान १४ इंच रुंद आणि तेवढीच खोल असावी, कारण ठोंब झपाट्याने पसरतो आणि मोकळ्या जमिनीत त्याची उंची दीड ते दोन मीटरपर्यंत जाते. मातीत एक तृतीयांश कंपोस्ट आणि एक चतुर्थांश जाडसर वाळू मिसळली की निचरा चांगला राहतो. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, आणि पुढे दर अडीच-तीन महिन्यांनी, बुडख्यापासून वीतभर उंची सोडून करावी. न कापलेले गवत वाळते, मधून पोकळ होते आणि त्याचा वास मंदावतो. दोन-तीन वर्षांनी ठोंब उपटून, कडेचे तरुण फुटवे पुन्हा लावावेत आणि मधला जुना भाग टाकून द्यावा.

आता उन्हाचा प्रश्न. सिट्रोनेलाला सहा तासांहून अधिक थेट ऊन हवे असते. चार तासांत ते मरणार नाही, पण पाने विरळ आणि मऊ येतील आणि तेल कमी भरेल. म्हणून गॅलरीत जेथे ऊन सर्वांत जास्त वेळ टिकते तेथे त्याची एकच मोठी कुंडी ठेवा आणि बाकी जागेसाठी कमी उन्हात समाधान मानणाऱ्या वनस्पती निवडा. तुळस आणि सब्जा चार-पाच तासांत चांगली वाढतात. त्यांच्या मंजिऱ्या येताच खुडल्या नाहीत तर रोपाची सारी शक्ती बियांकडे जाते आणि पाने लहान व विरळ होतात. मी दर आठवड्याला शेंड्याची दोन पाने आणि मंजिरी एकत्र खुडतो. त्यामुळे झाड डेरेदार राहते आणि चोळण्यासाठी पानेही मिळतात. पुदिना आणि लेमन बाम अर्धसावलीतही फोफावतात, मात्र ती धावत्या खोडाने आणि मुळांनी शेजारच्या रोपांवर चढाई करतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कुंडी द्यावी. रोझमेरीला ऊन आणि कोरडेपणा दोन्ही लागतात, त्यामुळे आपल्या गॅलरीसाठी मी ती सुचवणार नाही.

कॅटनिप या वनस्पतीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण पानातल्या रसायनाचा विचार केला तर मला ती या सर्वांत आशादायक वाटते. ती पुदिन्याच्या कुळातली असून तिच्यातील नेपेटालॅक्टोन हे द्रव्य प्रयोगशाळेत डासांना दूर ठेवण्यात फार प्रभावी ठरलेले आहे. ते नेमके काय करते याचा उलगडा २०२१ साली झाला. कीटकांच्या शरीरात त्रासदायक गोष्टींची जाणीव करून देणारा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरील संवेदना टिपणारी रचना) असतो आणि नेपेटालॅक्टोनमुळे तोच चेतवला जातो. मिरी किंवा मोहरीची झणझण आपल्याला जशी मागे सारते, तसे काहीसे डासाचे होते. माणसातील त्याच प्रकारच्या ग्राहकावर मात्र या द्रव्याचा परिणाम होत नाही. मर्यादा एवढीच की ते लवकर उडून जाते. या वनस्पतीला थंड हवा मानवते, म्हणून उष्ण प्रदेशात तिला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. घरात मांजर असल्यास रोपावर जाळी घालावी लागते, नाहीतर मांजर त्यात लोळून ते आडवे करते.

निर्गुडीही विचारात घेण्यासारखी आहे. तिचे बोटाएवढ्या जाडीचे छाट ओल्या मातीत सहज मुळे धरतात. ती मुळात मोठे झुडूप असल्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी छाटणी करून कमरेएवढी ठेवावी लागते, आणि छाटलेली पाने वापरायला मिळतात. झेंडूविषयी मात्र एक गैरसमज दूर करावासा वाटतो. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना मारक असतात, आणि त्या कीर्तीमुळे तो डासांवरही चालतो असे सांगितले जाते. डासांवर ज्याचा खरा प्रभाव आहे ते फूल वेगळे आहे. पायरेथ्रम नावाची, डेझीसारखी दिसणारी पांढरी शेवंती असते. तिच्या सुकवलेल्या फुलांच्या भुकटीत पायरेथ्रिन असते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये डासांची पहिली उदबत्ती याच भुकटीपासून तयार झाली. पुढे तिला सर्पिल आकार मिळाला. ते फूलसुद्धा झाडावर असताना डासांना हटकत नाही. ते वाळवून, भुकटी करून वापरावे लागते.

सर्व सुगंधी रोपांना लागू पडणारी एक गोष्ट सांगून थांबतो. त्यांना भरपूर नत्रखत देऊ नये. खताने पाने मोठी आणि तजेलदार दिसतात, पण त्यांचा वास पातळ होतो. पाणीही बोटाची दोन पेरे मातीत घालून, ती कोरडी लागली तरच द्यावे.

चौथा प्रतिसाद

आपल्या घरात लहान मूल आणि दम्याचा रुग्ण आहे, म्हणून सुरक्षिततेविषयी लिहिते.

सुगंधी तेल नैसर्गिक आहे म्हणून ते निरुपद्रवी असते, असे कृपया समजू नये. बाटलीतले शुद्ध तेल मुलीच्या त्वचेवर थेट कधीही लावू नका, कारण त्याने पुरळ आणि जळजळ होऊ शकते. ताज्या पानांचा रससुद्धा आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. मुलांच्या तळहाताला काहीच लावू नये, कारण ते हात डोळ्यांकडे आणि तोंडाकडे जातात. घरात मांजर असेल तर सुगंधी तेलांचे दिवे आणि फवारे टाळावेत, कारण त्यांतील अनेक घटक मांजरांच्या यकृताला पचवता येत नाहीत.

वनस्पतिजन्य उपायांचा टिकाऊपणा किती असतो हेही पालकांना माहीत असावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत २३.८ टक्के डीट (त्वचेला लावायचे कृत्रिम डास प्रतिबंधक रसायन) असलेल्या द्रावणाने सरासरी ३०१.५ मिनिटे संरक्षण दिले, तर सिट्रोनेलावर आधारलेली उत्पादने २० मिनिटेही टिकली नाहीत. जेथे डेंग्यू किंवा मलेरियाची साथ चालू आहे, तेथे केवळ पानांवर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. वनस्पतीपासून मिळणारा आणि दीर्घकाळ टिकणारा एक पर्याय मात्र आहे. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून तयार होणारे पीएमडी हे द्रव्य डास प्रतिबंधक म्हणून मान्यताप्राप्त आहे. ते तीन वर्षांखालील मुलांना लावू नये असा दंडक आहे. आपली मुलगी चार वर्षांची असल्याने तो आड येत नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. त्याच झाडाचे साधे सुगंधी तेल आणि पीएमडी या एकच गोष्टी नाहीत, म्हणून वेष्टनावर पीएमडीचा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहूनच घ्यावे.

सासूबाईंसाठी कोणतीही पाने जाळू नयेत, मग ती कडुनिंबाची असोत वा निर्गुडीची. कोणत्याही धुरातील सूक्ष्म कण दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेला सारखेच घातक असतात. खिडक्यांना बारीक जाळी, मुलीच्या अंथरुणावर मच्छरदाणी आणि गॅलरीत बसण्याच्या जागी एक पंखा, हे तिन्ही उपाय धुराशिवायचे आहेत. पंख्याचा उपयोग लोक कमी लेखतात. डास अतिशय हलका आणि मंद उडणारा कीटक आहे, त्याला वाऱ्याच्या झोताविरुद्ध जाता येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा मागही त्या झोतात विखरून जातो.

प्रश्नकर्तीचे निवेदन, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद वाचल्यावर त्याच दिवशी मी ताटल्या तपासल्या. त्यांत काही नव्हते, कारण मी त्या रोज पुसते, आणि त्यामुळे पाण्याचा मुद्दा आम्हाला लागू नाही असे मला आधी वाटले. पण दोन्ही तुळशी मी खाली पाणी साठवणाऱ्या दुहेरी तळाच्या कुंड्यांत लावल्या होत्या. गावाला गेल्यावर रोपे सुकू नयेत म्हणून त्या मुद्दाम घेतल्या होत्या. पाणी ओतायच्या नळीत विजेरीचा झोत टाकला, तेव्हा आत वळवळ दिसली. कुंडी तिरपी करून ते पाणी पांढऱ्या भांड्यात काढले, तर त्यात पन्नासाहून अधिक अळ्या आणि काही स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष होते. मुलीला डासांपासून वाचवण्यासाठी आणलेल्या कुंडीतच मी ते वाढवत होते, हे पाहून मला फार वाईट वाटले.

तुळशी आता साध्या कुंड्यांत हलवल्या आहेत. कुंड्यांची गर्दी कमी केली, दोन दारालगत ठेवल्या आणि पंखा बसवला. संध्याकाळी डास दिसतात, पण मुलीच्या अंगावर गेल्या आठवड्यात एकच गांध उठली. यातले किती श्रेय कशाचे, हे मला सांगता येणार नाही. दोन शंका उरल्या आहेत. दुहेरी तळाच्या कुंड्या पुन्हा वापरता येतील का, आणि जिरेनियमची तीन रोपे काढून टाकावीत का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आपण नळीत डोकावून पाहिलेत, ही फार मोलाची गोष्ट केलीत. अशा कुंड्या वापरायच्या असतील तर नळीच्या तोंडाला आणि जास्तीचे पाणी बाहेर पडण्याच्या भोकाला, दोन्ही ठिकाणी, बारीक जाळी घट्ट बांधावी. एकच तोंड बंद केले तर मादी दुसऱ्यातून आत जाते. तळाची कड एकदा गरम पाण्याने घासून घ्यावी. पाणी काढून टाकणे शक्यच नसेल अशा ठिकाणी बीटीआय नावाचा जिवाणू वापरता येतो. तो १९७६ साली नेगेव्ह वाळवंटात सापडला आणि डास व त्यांच्या जवळच्या नातलग माश्यांच्या अळ्यांवरच प्रभावी असल्याने माणसांना, पाळीव प्राण्यांना आणि मधमाश्यांना त्याचा उपद्रव होत नाही. त्याचा परिणाम काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतच टिकतो, म्हणून वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीनुसार तो पुन्हा टाकावा लागतो.

घरात पाण्याच्या बाटलीत ठेवलेला मनीप्लांट किंवा लकी बांबू असल्यास तोही पाहावा. २००१ साली एडिस अल्बोपिक्टस हा डास कॅलिफोर्नियात पोहोचला तो जहाजाने आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातूनच. आठवड्यातून एकदा पाणी बदलून बाटली आतून घासली किंवा पाण्याऐवजी ओली माती वापरली की प्रश्न मिटतो. पानांच्या बेचक्यात पाणी धरून ठेवणाऱ्या ब्रोमेलियाडसारख्या वनस्पती असतील, तर ते पाणीही दर आठवड्याला झारीच्या जोरदार धारेने बदलावे.

तिसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

जिरेनियम काढून टाकू नका. ते गुणी रोप आहे, फक्त त्याच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली गेली. त्याची चुरगळलेली पाने निदान काही मिनिटे तरी उपयोगी पडतात. संध्याकाळी बसण्यापूर्वी जिरेनियम, गवती चहा आणि तुळस यांची मूठभर पाने खलबत्त्यात ओबडधोबड ठेचून, पातळ सुती कापडात सैल बांधून, पंख्याच्या झोतात खुर्चीच्या उंचीवर टांगावीत. वीस-पंचवीस मिनिटांनी पुरचुंडी हाताने पुन्हा चुरगळावी, आणि वास मंदावला की पाने बदलावीत. सासूबाई बाहेर बसणार असतील तर पहिल्या दिवशी दोन-चार पानांनीच सुरुवात करून त्यांना तो वास सोसतो का ते पाहावे, कारण धूर नसला तरी तीव्र गंधानेही काहींना उबळ येते.

जिरेनियमचे शेंडे असे वरचेवर खुडले की ते दाट होते. खुडताना चार बोटे लांबीचे तीन-चार छाट काढून ठेवा. खालची पाने काढून ते अर्धा दिवस सावलीत सुकू द्या, म्हणजे कापलेली जागा बंद होते आणि ते कुजत नाहीत. मग कोकोपीट आणि वाळू समप्रमाणात घेऊन त्यात रोवावेत आणि पाणी बेताने द्यावे. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. सिट्रोनेलाचे फुटवे मिळाले की त्याचे एक पान चोळून वास कसा येतो ते येथे जरूर लिहा, जात ओळखायला मदत करीन.